दत्तारामाचा व्हॉल्व्ह

दिवे गेलेत ते बरंच झालं. अक्षया, तो मोबाइलचा उजेड बंद कर. ही गोष्ट उजेडात सांगितली की खोटी वाटते, आणि या वयात खोटं सांगायची मला हौस उरलेली नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती शर्मिला रेवंडकर आजही मालवणच्या बाजारामागच्या गल्लीत दुकान लावून बसलेली आहे. उद्या सकाळी जा, विचारा. फक्त जरा बेतानं विचारा, बाई फटकळ आहे. आणि ओमकार, तू मध्येमध्ये 'असं कसं होईल' म्हणायचं नाहीस. कसं होईल ते मलाही ठाऊक नाही. झालं, एवढं ठाऊक आहे.

तुम्ही मुंबईत वाढलेली पोरं, म्हणून तुमच्या मराठीत सांगतो. पण ती माणसं बोलली मालवणीत. त्यांचं बोलणं मी त्यांच्याच तोंडचं ठेवणार.

दोन वर्षांमागची नारळी पौर्णिमा. तिचा आदला दिवस, रविवार. दुपारची उघडीप बघून शर्मिला स्कूटरवरून कांदळवाडीला निघाली, एक जुना रेडिओ आणायला. शर्मिला पन्नाशीची. पंखे, मिक्सर, टीव्ही दुरुस्त करून पोट भरते, पण तिचा जीव रमतो तो व्हॉल्व्हच्या रेडिओत. व्हॉल्व्ह म्हणजे बोटभर उंचीची काचेची बाटली. आतली हवा पार काढून घेतलेली, मध्ये तारा आणि पत्रे, बुडाला सुया. पूर्वीचे रेडिओ या बाटल्यांवर चालत. बटण दाबलं की त्या हळूहळू तांबूस पेटत आणि मग आवाज येई. कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत असल्या रेडिओला हात लावणारं आता दुसरं कोणी नाही. ही विद्या तिला दिली तिच्या वडिलांनी, दत्तारामांनी.

बोलावलं होतं देवेश तांडेलनं. पोरगा हुशार. समुद्राकाठच्या घराचा त्यानं होमस्टे केला होता, आणि शहरातून येणाऱ्या लोकांना जुन्या वस्तूंचं फार कौतुक. माळ्यावर आजोबांच्या वेळचा रेडिओ सापडला तसा त्यानं शर्मिलेला फोन लावला. शर्मिलेनं घराचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "येतंय." लहानपणी सोडल्यानंतर त्या वाडीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. का, ते पुढं सांगतो.

तांडेलांच्या ओटीवर देवेशनं रेडिओ मांडून ठेवला होता. भिंतीवर त्याच्या आजोबांचा, जना तांडेलांचा फोटो होता. हार घातलेला, डोक्यावर लाल लोकरीची कानटोपी. शर्मिलेनं फोटोकडे एकदा पाहिलं आणि रेडिओची पाठ उघडली. आत एकही व्हॉल्व्ह नव्हता.

तेवढ्यात देवेशची आई, दीपिका, आतून सूप घेऊन आली. सुपात पाच व्हॉल्व्ह, समयांसारखे लखलखीत.

"चतुर्थी इली मा गो तोंडार," दीपिका कौतुकानं म्हणाली. "सगळा घर धुवन काढलंय. ह्ये बाटले पण काळेकुट्ट होते. लिंबू नि मीठ लावन घासलंय. बघ कशे चकचकतत!"

शर्मिलेनं कपाळावर हात मारला नाही, एवढंच. व्हॉल्व्हचा नंबर काचेवर पातळ रंगानं छापलेला असतो. तो इतका नाजूक की ओलं बोट फिरलं तरी जातो. जाणती माणसं व्हॉल्व्हला फडकं लावत नाहीत, कोरड्या कुंचल्यानं धूळ झटकतात. आणि इथं लिंबूमीठ!

"खंयचो खंयसून काढलंस, ता तरी आठवता?" तिनं विचारलं. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा ठरलेली असते.

"ता माका काय ठावक? सगळे सारकेच."

रेडिओ स्कूटरवर बांधताना दीपिका जवळ आली. देवेश ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाली, "शर्मिला, एक सांगतंय. पावसाच्या रात्री माळ्यार ह्येचो आवाज येता. कोणतरी स्टेशन शोधता तशी शीळ. आमी सगळ्यांनी आयकला हा. रात्री घरात ठेव नको गो. देवळाच्या पडवीत ठेय."

शर्मिलेनं रेडिओच्या मागं लोंबणारा वायरचा तुकडा तिला दाखवला. उंदरांनी खाऊन वीतभरच उरला होता. "वायर नाय तर आवाज खंयसून येतलो? उंदीरच शीळ घालीत असतलो," ती म्हणाली आणि निघाली.

आता मागचं सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी कांदळवाडीत मोठ्या आवाजाचा रेडिओ एकच होता, जना तांडेलांचा. संध्याकाळी तो खळ्यात, घरापुढच्या अंगणात मांडत. बातम्या झाल्या की मच्छीमारांसाठी हवामान सांगत, आणि ते ऐकून होड्या बाहेर पडायच्या की नाही ते ठरे. दत्ताराम रेवंडकर त्याच वाडीतला. मुंबईत रेडिओचं काम शिकून परत आलेला. नारळी पौर्णिमा होऊन मासेमारी नुकती सुरू झाली होती, आणि रेडिओचा एक व्हॉल्व्ह गेला. दत्तारामानं नवा आणून तिन्हीसांजेला बसवला. तेव्हा वीज नव्हती, त्यामुळे वाजवून बघता आलं नाही. तो घरी गेला. रात्री वीज आली ती अशी दणकून आली की वाडीतले दोनतीन बल्बही फुटले. रेडिओ मात्र बोलला नाही. जना तांडेल वाट बघून बघून होडी घेऊन गेले. रेडिओवर त्या रात्री वादळाचा इशारा होता. होडी परत आली नाही. होडीवरचे सगळे गेले.

पुढं कोणीतरी बोललं की दत्तारामानं स्वस्तातला, भलत्याच जातीचा व्हॉल्व्ह बसवला. कोण बोललं ते कधीच कळलं नाही. पण दुःखातल्या माणसांना धरायला काहीतरी लागतं, आणि दर्याची गचांडी धरता येत नाही. त्यांनी दत्तारामाची धरली. तांडेलांच्या म्हातारीनं रेडिओवर फडकं टाकून तो माळ्यावर चढवला, आणि कोणी उघडून बघितलासुद्धा नाही.

आणि मग नारळाची गोष्ट झाली. कांदळवाडीत नारळी पौर्णिमेला मानाच्या नारळाबरोबर प्रत्येक घराचा एक नारळ दर्याला जातो. ज्या घराचा नारळ गेला ते घर दर्याचं आणि वाडीचं. पुढच्या वर्षी दत्तारामाच्या घराचा नारळ लोकांनी परत धाडला. त्याच्या पुढच्या वर्षीही. शेवटी दत्ताराम बायको-मुलीला घेऊन मालवणात आला. व्हॉल्व्हला तो वाल म्हणे. "वाल बरोबर होतो," एवढंच म्हणत राहिला. मग तेही म्हणेनासा झाला, आणि तसाच गेला. त्याची बायको सावित्री आता ऐंशीच्या घरात. तिची एकच इच्छा, डोळे मिटायच्या आत आपल्या घराचा नारळ कांदळवाडीच्या दर्यात पडावा.

तेव्हा शर्मिलेनं रेडिओ घरी आणला तो देवेशच्या पाहुण्यांसाठी नव्हे. बापानं बसवलेला व्हॉल्व्ह त्या सुपात होता. तो बरोबर जातीचा की चुकीचा, हे तिला कळायला हवं होतं. कळलं तर आज, नाहीतर कधीच नाही.

संध्याकाळी ती कामाच्या टेबलाशी बसली. रेडिओचं लाकडी खोकं एका बाजूला, पाच व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूला. खोक्याच्या आत राहिला होता फक्त तो हिरवा डोळा. तुम्ही पाहिला नसेल. पट्टीच्या कोपऱ्यात एक गोल काच असते, रेडिओ चालू झाला की ती हिरवी उजळते. स्टेशन नसेल तर डोळा उघडा, स्टेशन नीट लागलं की हिरव्या पापण्या मिटत येतात. तोही एक व्हॉल्व्हच, पण पट्टीच्या मागं घट्ट बसवलेला, म्हणून दीपिकेच्या लिंबातून वाचला होता.

पहिले दोन तिनं नुसत्या नजरेनं ओळखले. सगळ्यांत उंच, काळपट जाड पत्र्याचा तो आवाज मोठा करणारा. आत दोन चपटे पत्रे असलेला तो विजेचा प्रवाह सरळ करणारा. पुढच्या दोघांना बापाची युक्ती लावली. नंबर पुसला तरी रंग जिथं बसला होता तिथली काच वेगळी राहते. काच गार करायची आणि तोंडाची वाफ हळूच सोडायची, चष्मा पुसताना सोडतो तशी. वाफ सगळीकडे बसते, पण जुन्या अक्षरांवर वेगळी बसते. क्षणभर नंबर दिसतो आणि विरतो. शर्मिलेनं व्हॉल्व्ह फ्रीजमध्ये बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवले, बाहेर काढले, वाफ सोडली, आणि दोघांचे नंबर वाचले.

उरला पाचवा. स्टेशन पकडणारा. दत्तारामानं बसवलेला तोच.

वाफेत त्याची शेपूट स्पष्ट दिसली. सीएच एक्क्याऐंशी. पण पहिलं अक्षर, ज्यावरून जात कळते, तेच दीपिकेनं सगळ्यांत जोरात घासलं होतं. ते अक्षर ई असेल तर व्हॉल्व्ह या रेडिओचाच, बाप बरोबर. यू असेल तर तो वेगळ्या जोडणीच्या रेडिओचा. इथं बसवला तर नुसता कोमट होऊन गप्प बसणार. म्हणजे लोक बोलले ते खरं. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, आतून बाहेरून सारखे. मीटर लावून ओळखता येतात, पण याची आतली तापणारी तारच तुटलेली होती. मीटर काही बोलेना. तार त्या रात्री विजेच्या दणक्यानं जळाली की दीपिकेनं घासताना तुटली, हेही कोण सांगणार?

शर्मिलेनं पुन्हा गार केला, पुन्हा वाफ सोडली. कडेनं बघितलं, खालून बघितलं, उजेड तिरका धरून बघितलं. पहिल्या अक्षराच्या जागी नुसता पांढरा ढग.

जेवण झालं. सावित्री आत निजली. पाऊस आला, वारा सुटला आणि वीज गेली. शर्मिलेनं कपाळाला बॅटरी बांधली आणि परत टेबलाशी बसली. हट्टी बाई. रात्र सरत गेली, गल्लीतली कुत्री गप्प झाली. मध्यरात्र उलटली तेव्हा बॅटरीही मंदावली. तिनं ती काढून ठेवली आणि काळोखात डोळ्यांवर हात धरून जरा टेकली.

तेव्हा शीळ ऐकू आली.

बारीक. वर चढणारी... खाली उतरणारी. कोणी काटा फिरवत स्टेशन शोधतंय तशी.

उंदीर, ती मनाशी म्हणाली. तिनं डोळे उघडले.

टेबल हिरवं दिसत होतं.

रेडिओचा डोळा उघडा होता. पूर्ण उघडा. हिरवागार. वायर वीतभर, टेबलाच्या कडेला लोंबत होती. वीज गावात नव्हती. बाकीचे व्हॉल्व्ह तिच्या समोर फडक्यावर आडवे पडलेले.

तिनं मोजले नाहीत. हात लावायचा धीर झाला नाही.

मग वास आला. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा, कुजक्या जाळ्याचा. दाराकडून.

थेंब पडत होते. टप... टप. छपरातून नव्हे. कोणाच्या तरी अंगावरून.

शर्मिलेनं मान वळवली.

दारात कोणीतरी उभं होतं. हिरव्या उजेडात डोक्यावरची कानटोपी दिसली, भिजून काळी पडलेली. खाली भिजलेली बंडी. तिच्याखाली... तिच्याखाली उजेड पोचत नव्हता.

तीच टोपी. दुपारीच तिनं पाहिली होती. हार घातलेल्या फोटोत.

"पावणो..." आवाज आला. घशात पाणी असल्यासारखा. "पावणो काय म्हणता?"

पाहुणा? कोण पाहुणा, शर्मिलेला काही कळलं नाही.

"पावणो... काय म्हणता?"

भ्यायली ती. खोटं कशाला सांगू? पण त्या टोपीकडे बघता बघता तिला आपला बाप आठवला. नारळी पौर्णिमेला सकाळपासून दार लावून बसणारा. सोललेला नारळ मांडीवर घेऊन. संध्याकाळी तो नारळ तसाच कोनाड्यात ठेवणारा. आणि तिला राग आला. असा राग की भीतीला बसायला जागाच उरली नाही. ती उठून उभी राहिली.

"जनाकाका," ती म्हणाली. "तुमी दर पावसात येतास. विचारतास. आमच्या घराक कोणी येवन विचारल्यानी? तुमी एका रात्रीत गेलात. माझो बापूस रोज मरत होतो!"

थेंब थांबले.

"पावणो..."

"पावणो कोण ता माका ठावक नाय!" तिनं पाचवा व्हॉल्व्ह उचलला आणि त्या टोपीच्या समोर धरला. "ह्यो वाल माझ्या बापाशीन घातल्यान. ह्येच्यापायी लोकांनी आमचो नारळ परत धाडल्यानी. माझ्या वाफेन पयला अक्षर दिसना नाय. तुमच्याकडे गारठो आसा, पाणी आसा, सगळो दर्या आसा. सोडा वाफ. बघया कोण खोटो ता."

काही नाही. फक्त तो हिरवा उजेड.

"यू निघालो तर उद्या मीच वाडीत जावन सांगतंय, बापूस चुकलो म्हणान. पण बघल्याशिवाय हयसून तुमका जावक देवचंय नाय. समाजलात?"

पोरांनो, मेलेल्या माणसाला दारात अडवणारी बाई मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

मग टोपी जरा पुढं झुकली.

गार. इतकं गार की तिची बोटं काचेला चिकटल्यासारखी झाली. खारं. खोल.

काचेवर वाफ बसू लागली. बुडापासून वर.

एक... आठ... मग एच. मग सी.

मग ढग.

ढगातून एक उभी रेघ आली. तिला एक आडवी. वर. मधे. खाली.

तीन आडव्या.

"ई," शर्मिला म्हणाली. मग ओरडून म्हणाली, "ई आसा! बघलात? ई आसा, जनाकाका! माझो बापूस बरोबर होतो!"

रेडिओचा हिरवा डोळा हळूहळू मिटत गेला. दोन्ही पापण्या एकमेकींना टेकेपर्यंत. दूरचं एखादं स्टेशन अगदी नीट लागल्यावर मिटतो तसा.

मग काळोख.

सकाळी सावित्री उठून बाहेर आली तेव्हा लेक खुर्चीतच बसलेली, व्हॉल्व्ह मुठीत. दारापाशी पाण्याचं थारोळं होतं.

"रात्री कोणाशी भांडत होतस गो?" म्हातारीनं विचारलं.

"जना तांडेलाशी."

"मगे?"

"बापूस बरोबर होतो."

सावित्री खांबाला धरून जराशी उभी राहिली. "माका म्हायत होता," ती म्हणाली. "माका कोणाक विचारूक नको होता." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "नारळ सोल. बरोसो बघून सोल."

शर्मिलेनं मूठ उघडली. काच कोरडी झाली होती, अक्षर विरलं होतं. आता कोणाला दाखवायला काही नव्हतं. तिनं व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून जरा कलता केला. आणि आत काहीतरी हललं.

पाणी. व्हॉल्व्हच्या आत. बंद काचेत, चमचाभर पाणी.

दुपारी कांदळवाडीच्या पुळणीवर सगळी वाडी जमली होती. ढोल वाजत होता, सोनेरी कागद लावलेला मानाचा नारळ पुढं होता, आणि तो धरून उभा होता सुदेश तांडेल. देवेशचा बाप, जना तांडेलांचा मुलगा, साठीचा. रिक्षा थांबली. शर्मिलेनं आईला हात धरून उतरवलं. म्हातारीच्या हातात नारळ. माणसं बाजूला होत गेली, वाट द्यायला नव्हे, अंग चोरून.

"शर्मिला," सुदेश म्हणाला, "रेडियो दुरुस्त करूक दिलो म्हणान नारळ चलाचो नाय. तुका म्हायत आसा."

"माका म्हायत आसा काय चलाचा नि काय नाय ता," शर्मिला म्हणाली. "आदी ह्या बघा." आणि तिनं व्हॉल्व्ह त्याच्या तळहातावर ठेवला.

सुदेशनं तो फिरवून पाहिला. आतलं पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. त्यानं नख लावून काच तपासली, सुया तपासल्या. "ह्येच्यात पाणी खंयसून इला?"

"तुमच्या बापाशीक विचारा. रात्री माझ्या दारात हुबो होतो."

कोणीतरी हसलं. सुदेशही तोंड वाकडं करून म्हणाला, "असा? काय म्हणालो तो?"

"एकच सारख्या म्हणा होतो," शर्मिला म्हणाली. "'पावणो काय म्हणता?' कोण पावणो, माका कळाक नाय."

सुदेशचं तोंड उतरलं. तो तसाच वाळूत खाली बसला. मानाचा नारळ मांडीवर, व्हॉल्व्ह मुठीत. ढोलवाला थांबला. दीपिका धावत आली, तिला त्यानं हातानंच लांब ठेवलं.

"रेडियोर बोलणाऱ्याक बाबा पावणो म्हणा होतो," तो म्हणाला. "फक्त आमच्या घरात. भायर कोणाक म्हायत नाय. त्या रात्री माका रेडियोकडे बसवलेल्यान. खळ्यातसून साद घातल्यान, 'सुद्या, पावणो काय म्हणता?' मी म्हटलंय, 'पावणो गप आसा.'" त्यानं मूठ उघडून व्हॉल्व्हकडे पाहिलं. "बाबा म्हणालो, गप आसा म्हणजे दर्यात काय नाय. नि गेलो."

लाटा तेवढ्या येत होत्या.

"पयला अक्षर ई आसा," शर्मिला म्हणाली. "तुमच्या बापाशीन बघल्यान, मी बघलंय. वाल बरोबर होतो. वीज इली नि तार जळाली. माझ्या बापाशीन काय केल्यान नाय."

सुदेश उठला. त्यानं दोन्ही हात सावित्रीपुढे केले. "काकी, द्या माझ्याकडे नारळ. मानाच्या नारळाबरोबर घालतंय."

म्हातारी नारळ द्यायला निघाली होती, पण शर्मिलेनं तिचा हात धरला. "नको," ती म्हणाली. "परत धाडूक तुमचे हात होते. घालूक आमचे आसत."

आणि त्या दोघी सुदेशच्या बाजूनं, मानाच्या नारळाच्या पुढं निघून पाण्यात गेल्या. सावित्रीचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. एवढीशी म्हातारी, पण ओरडली अशी की मागच्या माडांत बसलेले कावळे उठले. "दत्ताराम रेवंडकराच्या घराचो नारळ! घे रे बाबा!" आणि नारळ टाकला. पुळणीवर टाकलेले नारळ लाटांबरोबर परत येतात, पोरं ते गोळा करतात, हे तुम्ही पाहिलंय. तो काही परत आला नाही. मला विचाराल तर येणारही नव्हता.

सावित्री पुढच्या शिमग्याला गेली, समाधानानं गेली. तो रेडिओ दुसरा व्हॉल्व्ह घालून देवेशच्या ओटीवर मांडलाय. माळ्यावरची शीळ पुन्हा कोणी ऐकली नाही. रोज संध्याकाळी सुदेश स्वतः बटण फिरवतो आणि हवामान लागलं की आवाज मोठा करून खळ्याकडचं दार उघडं ठेवतो. होमस्टेच्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

आणि दत्तारामाचा व्हॉल्व्ह शर्मिलेच्या दुकानात आहे, काचेच्या कपाटात, उभा. कॉलेजातले एक गृहस्थ आले होते, म्हणाले, फोडून बघूया पाणी कुठून येतं ते. शर्मिला म्हणाली, "हात लावन तर बघ." ते परत आले नाहीत. काचेला कुठंही तडा नाही. आत वरच्या बाजूला चंदेरी मुलामा असतो. केसाएवढी फट पडून हवा आत गेली तरी तो दुधासारखा पांढरा होतो. याचा अजून आरशासारखा आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

उद्या जाणार असाल तर वेळ बघून जा. ओहोटीला गेलात तर बाटली कोरडी ठणठणीत दिसेल, आणि ओमकार म्हणेल म्हाताऱ्यानं थापा मारल्या. भरतीला जा. पाणी सुयांपासून हळूहळू वर चढतं, त्या पुसलेल्या अक्षरापर्यंत येतं, आणि तिथं थांबतं.